मा. श्रोते महोदयांस, मुक्काम वाशीम जिल्हा

प्रति,
मा. श्रोते महोदय,
हुद्दा : माहीत नाही. कार्यालय : माहीत नाही. (माझा पत्ता मात्र आपल्याकडे असेलच.)

विषय : माझ्या मोबाइलची नोंद आपल्याकडे कोणत्या नावाने आहे, ते कळवण्याबाबत.
संदर्भ : गोपनीय.

महोदय,

सा. न. वि. वि. मी मालेगाव तालुक्यातला. वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव, नाशिकचं नव्हे. ही दुरुस्ती आधीच करून ठेवतो, कारण मालेगाव म्हटलं की आपल्या खात्याचे कान उगाच टवकारतात. पोस्टात कारकुनी केली, शिक्के मारले, आता घरी बसलो आहे. आपण माझा फोन ऐकता की नाही हे मला ठाऊक नाही. ऐकत असाल तर हे पत्र आपल्यासाठी, नसाल तर आपल्या शेजारच्या टेबलासाठी.

आमच्याकडे चोरून ऐकण्याची परंपरा जुनी आहे. ट्रंक कॉलच्या काळात तालुक्याच्या एक्स्चेंजमधला ऑपरेटर सगळं ऐकायचा हे साऱ्या गावाला माहीत होतं. कुणाची सोयरीक मोडली, कुणाच्या शेताचा सौदा झाला, हे चहाच्या टपरीवर त्याच्या तोंडूनच कळायचं. पण माणूस सभ्य होता. बोलणं लांबलं की मध्येच म्हणायचा, ‘तीन मिनिटं झाली, वाढवू का?’ म्हणजे तो आहे, हे तो सांगायचा. आपण तेवढंही सांगत नाही, एवढीच माझी तक्रार. बाकी ऐका बापडे.

पोस्टात आयुष्य गेल्यामुळे आपला मूळ आधार मला तोंडपाठ आहे : भारतीय तार कायदा, १८८५, कलम ५(२). सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, एवढे दोन शब्द दाखवले की तार अडवता येत असे. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद पडली. तार गेली, तार अडवण्याचा अधिकार राहिला. बैल मेला तरी पराणी हातात, तसं. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आणि ६ डिसेंबर २०२४ चे नियम आले आहेत. पण घडी तीच : राज्याच्या गृह सचिवांची सही, ६० दिवसांची मुदत, वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत.

आता नावाकडे वळतो.

२०२१ च्या पावसाळी अधिवेशनात नाना पटोले विधानसभेत उठले आणि म्हणाले, मी खासदार असताना माझा फोन ‘अमजद खान’ या नावाने ऐकला जात होता, अमली पदार्थांचा व्यापारी म्हणून. सभागृह हसलं की नाही आठवत नाही, मी हसलो. पुढे शेजारच्या अचलपूरच्या बच्चू कडूंचा नंबर ‘निजामुद्दीन बाबू शेख’ या नावावर होता असं बाहेर आलं. या फोन ऐकण्यावरून २०२२ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या बंडगार्डन पोलीस ठाण्यात तिथल्या माजी पोलीस आयुक्त रश्मी शुक्ला यांच्यावर गुन्हा नोंदला गेला, मग मुंबईत कुलाब्याला दुसरा. दोन्ही ८ सप्टेंबर २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केले. पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनीच तपास मिटवण्याचा अहवाल दिला होता, कुलाब्याच्या प्रकरणात सरकारने खटल्याला मंजुरी नाकारली होती. २०२४ च्या जानेवारीत त्या राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या. न्यायालयाने रद्द केलं म्हणजे रद्द, त्यावर मी काही बोलत नाही. मला पडलेला प्रश्न फार साधा आहे. तो अमजद खान मग कुठे गेला? त्याला कुणी जन्माला घातलं आणि त्याचा मृत्यूचा दाखला कुठल्या ग्रामपंचायतीत मिळेल?

म्हणून विचारतो, मी कोण आहे? माझ्या जागी आपण कुणाला बसवलं आहे? नाव दणकट असावं, एवढी विनंती. हयातभर कारकून राहिलो, फाइलीत तरी तस्कर होऊ द्या.

आपल्यावर लक्ष ठेवायला समिती आहे, हेही जाणतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात बजावलं म्हणून ती आली. राज्यात मुख्य सचिव अध्यक्ष, सोबत विधी सचिव आणि आणखी एक सचिव. न्यायाधीश एकही नाही. जेवण वाढणारेही घरचे, मीठ कमी आहे का सांगणारेही घरचे. केंद्राच्या समितीचा आवाका तर न्या. श्रीकृष्ण समितीने २०१८ साली मांडून दाखवला : माहिती अधिकारातल्या उत्तरानुसार महिन्याला ७,५०० ते ९,००० आदेश, समिती बसणार दोन महिन्यांतून एकदा, म्हणजे दर बैठकीला १५,००० ते १८,००० आदेश. आठ तास न उठता बसलं तरी एका आदेशाला दोन सेकंदही येत नाहीत. महोदय, मी शिक्के मारलेला माणूस आहे. दोन सेकंदांत शिक्का बसतो. पण वाचून मारायचा असेल तर पोस्टकार्डालासुद्धा जास्त वेळ लागतो.

आणि हे झालं ऐकण्याचं. कोण कुणाशी, किती वेळ, कुठल्या टॉवरखालून बोललं, त्या सीडीआरला तर गृह सचिवांची सहीही लागत नाही. कंपन्या ते किमान दोन वर्षं जपून ठेवतात, पोलीस अधीक्षक कार्यालयातून मागणी गेली की पाठवतात. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी असे सीडीआर विकणाऱ्यांची टोळी पकडली, तेव्हा अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेरांबरोबर आपल्या शेजारच्या यवतमाळचा एक पोलीस शिपाईही होता. गोपनीय माहिती आमच्यापासून गोपनीय असते, गिऱ्हाइकापासून नसावी.

मग तो ‘डंप डाटा’. गुन्हा घडला की त्या टॉवरखालचे झाडून सगळे नंबर उचलायचे. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत कुठे पाकीटमारीहून मोठं काही घडलं, तर विचार करा : लाखो बंजारा भाविक, आंध्र-तेलंगणापासून आलेले, सगळे आपल्या एका पेनड्राइव्हमध्ये. आरोपी सापडेल, नाही असं नाही. पण बाकीच्या लाखांचं काय करता? पुसता? आणि पुसलं, हे त्यांना कळवता?

आमच्या तालुक्यात शिरपूर आहे, आपल्याला टॉवर म्हणून ठाऊक असेल. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिराला दोन पंथांच्या वादात १९८१ पासून कुलूप होतं. चार दशकं भाविक एका छोट्या झरोक्यातून दर्शन घ्यायचे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने दार उघडलं. मी सांगतोय ते एवढ्यासाठी, की झरोका कुठल्या भिंतीत आहे हे तिथे सगळ्यांना दिसत होतं. म्हणून तर त्यावर भांडता आलं, कोर्टात जाता आलं. तुमचा झरोका कुठल्या भिंतीत आहे तेच कळत नाही. २०१७ साली नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका प्रकरणात बेकायदा ध्वनिमुद्रणं नष्ट करायला लावली. छानच. पण त्या प्रकरणातला माणूस कोर्टात जाऊ शकला, कारण त्याच्यावर गुन्हा होता आणि त्यामुळे त्याला टॅपिंग कळलं. ज्याच्यावर गुन्हाच नाही त्याला कोण सांगणार? माहिती मागावी तर माहिती अधिकार कायद्याचं कलम ८ आडवं, आणि सहा-सहा महिन्यांनी नोंदी नष्ट करायचा नियम. म्हणजे गुन्हेगार निघालो तर मला कळेल. निरपराध निघालो तर कधीच नाही. अमेरिकेत कोर्टाच्या आदेशाने फोन ऐकला तर तो संपल्यावर साधारण ९० दिवसांत त्या माणसाला लेखी कळवायचं असतं. तिथेही सगळं गोड नाही : ‘स्टिंगरे’ नावाचा नकली टॉवर वापरल्याचं कबूल करावं लागू नये म्हणून तिथल्या सरकारी वकिलांनी चक्क खटले सोडून दिलेत. गुपितापुढे चोरही सुटला तरी चालेल, ही निष्ठा वाखाणण्याजोगी.

हे सारं बायकोला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, ‘कोणी आइकते त आइकू द्या ना. घरातलं तं कोणी माह्यं आइकत नाही.’ तिच्या वतीने आपले आभार.

तरी ६० दिवस झाले, काही सापडलं नाही, की एक पोस्टकार्ड टाका. ‘आपला फोन अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत ऐकला, आपण निरुपद्रवी आढळलात.’ फ्रेम करून लावीन.

कळावे,
आपला,
(नोंदीत जे नाव असेल ते)

ता. क. : आमच्या गावात रेंज गच्चीवरच येते, तीही पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभं राहिलं तर. परवा मंगळवारी संध्याकाळी अडत्याचा फोन आला होता. ‘सोयाबीन चार हजार’ एवढं ऐकू आलं आणि आवाज गेला. चार हजार किती म्हणाला, ते आपण लिहून घेतलं असेल तर कृपया कळवावं. गाडी भरून उभी आहे.