फाटकापाशी उभे राहिलेले लोक

दिवेघाट चढून सासवडला पोहोचेपर्यंत सायकलवाल्याच्या डोक्यात नियम, शिस्त, कायदा असलं काही येत नाही. तिथे श्वास येतो, तोसुद्धा उपकार केल्यासारखा. जेजुरी मागे पडली, वारा पाठीशी आला आणि सायकल आपणहून पळायला लागली की मग माणसाला नीतिमत्ता सुचते. आमच्या कप्तानांना ती दौंडजच्या खिंडीत सुचली.

कप्तान बँकेतून निवृत्त झालेले. बँकेत असताना त्यांनी सहीत वेलांटी कमी म्हणून चेक परत पाठवलेले आहेत. "पुढे रेल्वेफाटक आहे," ते मागे वळून ओरडले, "भोंगा वाजला की पाय खाली. फाटकाखालून कोणीही जायचं नाही. सायकल झाली तरी वाहनच!" आमच्यातल्या डॉक्टरांनी त्यांना जोरदार अनुमोदन दिलं आणि मणक्याच्या दुखापतींवर एक छोटं व्याख्यान दिलं. चढ असता तर ते टळलं असतं.

पुणे-मिरज लोहमार्ग या रस्त्याची संगत सोडत नाही. कधी डावीकडे, कधी उजवीकडे, मधेच डोंगराआड. रुळांच्या कडेला 'सी/फा' लिहिलेली पिवळी पाटी दिसली की पुढे फाटक आलं असं समजायचं. सीटी वाजव, असा तो इंजिनाच्या ड्रायव्हरला निरोप असतो. ज्या वाल्ह्यात वाल्याचा वाल्मीकी झाला असं मानतात, त्या वाल्ह्याच्या परिसरातच आम्हाला फाटक लागलं. नेमकं कुठलं ते सांगत नाही. तिथल्या माणसाला अजून नोकरी करायची आहे.

आम्ही पोहोचलो तेव्हा भोंगा कोकलत होता, तांबडा दिवा लुकलुकत होता आणि दांडा खाली आलेला होता. आम्ही एका ओळीत थांबलो. आमच्या मागून एक दूधवाले सायकलवरून आले. त्यांनी पुढे जे केलं ते बघण्यासारखं होतं. वेग कमी न करता ते उतरले. सायकल डावीकडे कलती केली, आधी हँडल दांड्याखालून सारलं, मग डोकं, मग टोपी (ती वेगळी, हातानं), मग उरलेला देह. शेवटी दोन्ही बाजूंचे कॅन पार झाले, दुधाचा थेंब न हलवता. रूळ ओलांडताना त्यांनी डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. मागे वळून आमच्याकडे मात्र पाहिलं. "काय झालं? पंक्चर का?" त्यांनी पलीकडून आपुलकीनं विचारलं.

"गाडी येतेय!" कप्तान म्हणाले.

"गाडी रोजच येती," असं म्हणून ते गेले.

त्यांच्यामागून शाळेतली दोन पोरं गेली, खताचं पोतं लादलेली एक सायकल गेली, आणि डोक्यावर भारा घेतलेल्या एक आजी कमरेत न वाकता कशा गेल्या ते मला अजून उमगलेलं नाही. आमच्या हजारो रुपयांच्या हेल्मेटांकडे आणि अंगाला चिकटलेल्या रंगीत कपड्यांकडे बघत माणसं जात होती. बंद फाटकासमोर आपल्या मर्जीनं उभा असलेला सायकलवाला या भागात कुणी पाहिला नसावा.

कप्तानांनी कायदा सुरू केला. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १४७: रेल्वेच्या हद्दीत बेकायदा शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम १६०: बंद फाटक परस्पर उघडलं तर तीन वर्षं, मोडलं तर पाच. "म्हणजे मोडून जाण्यापेक्षा वाकून जाणं स्वस्त," आमच्यातला आयटीवाला म्हणाला. त्याला हिशेब चटकन कळतात.

एवढ्यात फाटकवाले खोलीतून बाहेर आले. त्यांनी आम्हाला निरखलं, आत गेले, आणि परत आले तेव्हा अंगात गणवेशाचा शर्ट होता आणि हातात गुंडाळलेलं हिरवं निशाण होतं. "साहेब, रजिस्टर तयार हाय," ते कप्तानांना म्हणाले. त्यांचं गणित साधं होतं: बंद फाटकासमोर गुमान उभे राहतात ते फक्त तपासणीला आलेले अधिकारी. "आम्ही सायकलवाले आहोत," असं कप्तानांनी सांगितल्यावर त्यांचा संशय पक्का झाला. मग दुसऱ्या बाजूनं दांड्याखाली शिरणाऱ्या एका माणसाला त्यांनी असा काही दम भरला, की तो बिचारा अर्धा आत अर्धा बाहेर अडकला. "तात्या, रोज तर..." तो बोलायला लागला. "रोजचं काढू नगंस!" तात्या गरजले.

चहा आला. आम्ही नको म्हणालो, तरी आला. चहाबरोबर माहितीही आली. स्टेशनमास्तरांचा फोन येतो, खासगी नंबराची देवाणघेवाण होते, दोन्हीकडचे नंबर वहीत चढतात, मग फाटक बंद. फाटकाला कुलूप लागल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. म्हणजे एखादा टेम्पो मधे घुसून बसला तर आख्खी एक्सप्रेस बाहेर तिष्ठत उभी. रुळावर काही अडकलंच, तर तात्यांनी लाल निशाण घेऊन पळायचं, सहाशे मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा आणि बाराशे मीटरवर तीन. "या वयात?" डॉक्टरांनी विचारलं. "म्हणून तर वरडतो," तात्या म्हणाले. ब्रॉडगेजवरची विनामाणूस फाटकं जानेवारी २०१९पर्यंत संपली, त्यामुळे आता प्रत्येक फाटकावर ओरडायला एक माणूस असतो. ऐकायला मिळाला तर बरं.

"रविवारी साडेधा ते अकरा हे फाटक उघडं घावायचं न्हाय," तात्यांनी घड्याळ दाखवलं. "एक गाडी जातीया तवर दुसरीचा फोन."

मालगाडी आली. मालगाडी बघताना माणूस डबे मोजतो. कप्तान मोजताना चुकले आणि पुन्हा पहिल्यापासून मोजू लागले, तोवर गार्डाचा डबा गेलासुद्धा. पलीकडची मंडळी लगेच दांड्याखाली वाकली. तेवढ्यात उलट्या दिशेनं, मालगाडीच्या धुळीतून, दुसरी गाडी सणाणत आली. इथे आता दुसरी लाईन पडलेली आहे, आणि पहिल्या गाडीच्या खडखडाटात दुसरीचा आवाज ऐकू येत नाही. खताचं पोतं घेऊन परतणारा तो मघाचा माणूस रुळांच्या अलीकडे जागच्या जागी थिजला. तात्या त्याला काहीही बोलले नाहीत. डॉक्टरसुद्धा बोलले नाहीत.

दांडा वर गेला. दोन्ही बाजूंच्या लोकांनी तोवर आख्खा रस्ता व्यापलेला होता, त्यामुळे आता दोन्ही सैन्यं मधोमध भिडली. आम्हाला वेगळीच चिंता. फाटकातल्या रुळाशेजारी चाकाची कड जायला पन्नासेक मिलीमीटरची खाच असते, आणि आमच्या टायरची रुंदी पंचवीस. रूळ काटकोनात ओलांडला तर ठीक. तिरका घेतला की चाक खाचेत आणि माणूस मिरजेच्या दिशेला. मग आम्ही पाऊण-पाऊण लाखाच्या सायकली खांद्यावर घेतल्या आणि क्लीटवाल्या बुटांनी टकाटक करत, हॉर्न वाजवणाऱ्या ट्रॅक्टरांमधून पायी पलीकडे गेलो. कायद्यानं पार होणारे आम्ही, सर्वांत शेवटी पार झालो. तात्यांनी सलाम ठोकला.

नीरेला भज्यांवर बसलो तेव्हा कप्तानांनी फोन काढला. आमच्या अ‍ॅपमध्ये जेजुरी ते नीरा असा टप्पा आहे आणि त्यात कोण किती वेळात गेला याची यादी असते. फाटकावर उभं राहिलेलं सगळं त्यात धरतात. तिथे नियम पाळल्याचे गुण नाहीत. कप्तान थेट तळाला गेले होते. पहिल्या नंबरावर 'पुरंदरचा वाघ' नावाचा कुणीतरी होता.

"तारीख बघा. रविवार!" कप्तान म्हणाले. "वेळ बघा. दहा वीसला जेजुरी. म्हणजे पावणेअकराच्या सुमाराला फाटक! तात्या काय म्हणाले? हा नराधम खालून गेलेला आहे." त्यांनी चष्मा लावला आणि वाघाच्या नोंदीखाली सविस्तर टिप्पणी लिहिली, कलम १४७ सकट. मग बोट उंच नेऊन ती पाठवली.

डॉक्टरांच्या पाठीमागच्या खिशात टिंग झालं.

भजी संपेपर्यंत कोणी काही बोललं नाही. "त्या दिवशी उघडं होतं हो," डॉक्टर शेवटी म्हणाले, आणि पाण्याचा ग्लास उचलून त्यांनी मणक्यांसंबंधी काहीतरी सांगायला सुरुवात केली.