विलायतेची वीट

"ऐकलंत का वहिनी? विटासुद्धा विलायतेहून आणल्या होत्या म्हणे!"

नानांनी कुंपणाच्या खांबाला पाठ टेकली की समजावं, आता आपली आमटी आटणार. उभा जन्म त्यांनी भिवंडीकडे वीटभट्टीवर हिशेब लिहिण्यात घालवला. कुठलीही इमारत दिसली की त्यांची नजर आधी विटेवर जाते.

"कुणी आणल्या?"

"काळ्या घोड्याच्या त्या वॉटसनने हो! आमचे वकील त्याच इमारतीत बसायचे. जिना चढताना कठड्याला हात लावायची भीती वाटायची. पण एके काळी मुंबईतलं सगळ्यात झोकदार हॉटेल ते. 1867 ला बांधायला घेतलं. अख्खा सांगाडा लोखंडाचा. इंग्लंडात घडवला, सुटा करून बोटीने आणला आणि इथे जोडला. विटा आणि सिमेंट केंटकडचं. आणि वाढायला बायकाही तिकडच्याच!"

"बायका?" माझी आमटी गेलीच.

"वाढपिणी हो. गोऱ्या पाहुण्यांना वाढायला गोऱ्याच हव्यात ना!"

"पण विटा कशाला? आपल्याकडे माती काय कमी होती?"

हा प्रश्न विचारायला नको होता. नाना सुटले. भात कापलं, दिवाळी झाली की कातकऱ्यांची बिऱ्हाडं भट्टीवर येतात. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. गडी चिखल तुडवतो, बाई साच्यातून विटा थापते, पोरं कच्च्या विटा उन्हाला उलथतात. मातीत भाताचं तूस मिसळलं की वीट आतूनही भाजते. चांगली वीट ठोकली की खणखणीत वाजते. जास्त भाजून वितळली, वेडीवाकडी झाली की ती खंगर. पावसाच्या आत सगळं आटपायचं. शेवटी हिशेब होतो, तेव्हा बहुतेकांची उचल फिटलेली नसतेच.

तो हिशेब लिहिणारे हेच, हे माझ्या ओठांवर आलं होतं. नानाही क्षणभर गप्प झाले. मग घाईघाईने पुन्हा वॉटसनवर आले.

"ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं आपल्या देशात पहिल्यांदा तिथेच दाखवली. 7 जुलै 1896. तिकीट एक रुपया!"

"आणि जमशेटजी टाटांना तिथे दारातून परत पाठवलं, म्हणून त्यांनी ताज बांधलं, ते?"

"ऐकीव गोष्ट. पुरावा कुणी दाखवत नाही. पण ताज 1903 ला उघडलं आणि वॉटसनचा रुबाब उतरला, हे खरं."

पुढचं मला ठाऊक होतं. 1960 च्या दशकात हॉटेल बंद झालं, खोल्यांचे तुकडे पडले, वकिलांच्या पाट्या लागल्या. नाव झालं एस्प्लनेड मॅन्शन. 2005 मध्ये दर्शनी भाग कोसळून माणूस गेला. त्याच वर्षी ती इमारत जगातल्या धोक्यातल्या शंभर वास्तूंच्या यादीत गेली. 2019 मध्ये रिकामी केली. आयआयटीचा अहवाल म्हणाला, पाडा. वारसावाले म्हणाले, दुरुस्त होईल.

"ग्रीन्स हॉटेलसारखं नको व्हायला," मी म्हटलं.

"ते तर ताजच्या शेजारचंच. पाडलं आणि तिथे ताजचा मनोरा उभा राहिला, 1973 ची गोष्ट. आणि वहिनी, आता विटाही नकोत लोकांना. सगळीकडे सिमेंटचे ठोकळे. हलके, झटपट. ठोकून बघा, आवाजच नाही!"

"म्हणजे तुमची भट्टी बुडाली म्हणून रडताय की हॉटेल गेलं म्हणून?"

"दोन्ही!"

मला विचाराल तर भट्टीवरची उचल बुडाली तर मी एक टिपूस गाळणार नाही. वॉटसनचं मात्र वाईट वाटतं. बांधणाऱ्याने साता समुद्रापलीकडून विटा आणल्या आणि आपल्याला वेळेवर डागडुजी जमली नाही. फोर्टात गेलात तर मान वर करून तो लोखंडी सांगाडा नक्की बघून या. छज्ज्याखाली मात्र उभे राहू नका.