पासवर्ड नेहमीचाच

मावळत्या सेक्रेटरींनी नव्या कमिटीकडे दप्तर रीतसर सोपवलं. आय नमुना, जे नमुना, इतिवृत्ताची वही, रबरी शिक्का, गच्चीची किल्ली, सगळं पोच घेऊन. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा सांगतो, तसंच. राहिलं एवढंच की गेल्या दहा वर्षांचा जमाखर्च संगणकावर त्यांच्या नावाच्या खात्यात आहे, खात्याला पासवर्ड आहे आणि पासवर्ड त्यांच्या डोक्यात आहे. डोकं सध्या मुलाकडे बंगळुरूला असतं.

संगणकावर विंडोज ७ आहे. तिची देखभाल कंपनीने १४ जानेवारी २०२० ला थांबवली. आमच्या सोसायटीला ते अजून कोणी कळवलेलं नाही. या विंडोजमध्ये एक सोय आहे. पासवर्ड चुकला की खाली एक इशारा दिसतो. तो खातेदाराने स्वतःच लिहून ठेवायचा असतो, म्हणजे अडीअडचणीला आठवण होते. सेक्रेटरींनी लिहून ठेवलंय: ‘नेहमीचाच’.

फोन लावला. “अहो, नेहमीचाच आहे की!” कोणता नेहमीचा? “आपला नेहमीचा हो. बोटांना येतो, तोंडी सांगता यायचा नाही.”

मग कमिटीची तातडीची बैठक. खजिनदार म्हणाले, बाप्पाच असणार. पण रोमनमध्ये बाप्पाला ‘पी’ किती? एकपीवाले आणि दोनपीवाले असे सरळ दोन तट पडले. कोणीतरी वहिनींचं नाव सुचवलं. वहिनी लक्ष्मी. आता लक्ष्मी ‘एक्स’ने की ‘के-एस-एच’ने? जुनी चेकची पावती शोधली तर तिच्यावर एक स्पेलिंग, सभासद अर्जावर दुसरं आणि दाराच्या पाटीवर भलतंच तिसरं. शेवटी १२३ असणार यावर मात्र एकमत झालं. इतकं एकमत या कमिटीत पाण्याच्या टाकीवरसुद्धा झालं नव्हतं. पहिल्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, सगळी अक्षरं कॅपिटल घालून बघा, ते नेहमी ओरडूनच बोलायचे. तेही घालून पाहिलं. संगणकाने शांतपणे पुन्हा सांगितलं: नेहमीचाच.

अखेर नाक्यावरच्या दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा आला. त्याने पासवर्ड विचारलादेखील नाही. स्क्रू काढले, हार्ड डिस्क बाहेर ओढली, आपल्या संगणकाला जोडली. सी ड्राइव्ह, यूजर्स, सेक्रेटरींच्या नावाचं फोल्डर. ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं संगणक म्हणाला आणि खाली ‘कंटिन्यू’चं बटण देऊन मोकळा झाला. पोराने बटण दाबलं. दहा वर्षं उघडी पडली. तो पासवर्ड म्हणजे दाराला कुलूप होतं, पण घराला भिंतीच नव्हत्या. अर्थात नव्या संगणकांत पुष्कळदा अख्खी डिस्कच एन्क्रिप्ट केलेली असते. तिथे ४८ आकडी रिकव्हरी की नसेल, तर त्या पोराचा स्क्रू ड्रायव्हरही हात टेकतो. आणि ती की कोणाच्या खात्यात जपून ठेवलेली असणार, हे सांगायला नकोच.

म्हणजे बघा, आमच्या जमाखर्चाला चोरापासून काडीचं संरक्षण नव्हतं. संरक्षण होतं ते सभासदांपासून. ज्यांच्या मेंटेनन्सच्या पैशांचा हा हिशेब, नेमके तेच बाहेर उभे. आणि हा एकट्या सेक्रेटरींचा दोष नाही. प्रत्येक सोसायटीत, पतपेढीत, मंडळात एक ‘मी आहे ना’ असतो. राबतो, फुकट राबतो, कबूल. पण प्रत्येक कामाची एक दोरी अशी हातात ठेवतो की त्याच्यावाचून कोणाचं पान हलू नये. त्याच्यावाचून सगळं अडलं की आपण त्याला कार्यक्षम म्हणतो आणि शाल-श्रीफळ देतो. अहो, ज्याच्या जाण्याने काहीच अडत नाही, त्याने काम नीट केलेलं असतं! त्याला मात्र साधा गुच्छही मिळत नाही.

सर्वसाधारण सभेत मी ठराव मांडला: खातं माणसाच्या नावाने नको, सोसायटीच्या नावाने हवं. दुसरं ॲडमिन खातं खजिनदारांकडे. पासवर्ड बंद पाकिटात, सह्या करून कपाटात. दर महिन्याला हिशेबाची प्रत पेन ड्राइव्हवर. नवे सेक्रेटरी ताडकन उठले. “म्हणजे काय, मग कोणीही उठून हिशेब बघेल!” टाळ्या पडल्या. ठराव नामंजूर झाला.

अरे, कोणीही उठून बघावा म्हणूनच तर हिशेब लिहितात!