शंभर रुपयांचं परराष्ट्र धोरण

बोरिवली किंवा मुलुंडहून मोटारसायकलने नेपाळ-भूतानला निघणाऱ्या माणसाची तयारी पाहिली तर वाटतं, हा येताना एव्हरेस्ट कॅरिअरवर बांधूनच आणणार. गुडघ्याला पॅड, कोपराला पॅड, हँडलवर मोबाइलचा होल्डर, हेल्मेटवर कॅमेरा, मागे दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पेट्या, त्या पेट्यांवर अजून न पाहिलेल्या गावांचे स्टिकर आणि तळाशी आईने सक्तीने कोंबलेला चिवडा. यातल्या प्रत्येक वस्तूवर सोसायटीच्या पार्किंगमध्ये तासन्‌तास खल झालेला असतो. राहतो तो एकच कागद. सीमेपलीकडे आपल्या गाडीने कोणाला उडवलं तर भरपाई विमा कंपनी देईल, असं सांगणारा. हा कागद महाग असल्यामुळे राहतो म्हणावं, तर तसंही नाही. माझं म्हणणं उलट आहे. तो इतका स्वस्त आहे की त्याला कोणी मोजतच नाही.

किंमत सांगतो. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमध्ये पॉलिसीचं भौगोलिक क्षेत्र वाढवून घेण्याची सोय आहे. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर जादा शंभर रुपये आणि ज्याला आपण ‘फुल इन्शुरन्स’ म्हणतो तो असेल तर पाचशे. मुदत १२ महिन्यांपर्यंत. गाडी ट्रक असो की स्कूटर, दर तोच. पुढे टॅरिफची सक्ती गेली, पण पॉलिसीची भाषा मात्र बऱ्याच अंशी तीच राहिली आणि हा आकडाही अनेक ठिकाणी तिला चिकटून राहिला. आता शेजारी ठेवून बघा. ३५० सीसीच्या वरच्या मोटारसायकलचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता २०२२ पासून २,८०४ रुपये आहे. भूतान भारतीय पर्यटकाकडून दर रात्रीचे १,२०० रुपये घेतं, ते ‘शाश्वत विकास शुल्क’ या भारदस्त नावाखाली. म्हणजे भूतानमध्ये एक रात्र झोपायला जेवढं शुल्क पडतं, त्याच्या निम्म्याहून कमी पैशांत गाडीचा विमा वर्षभर परदेशात जागा राहतो. हेच कंपन्यांनी पाच हजार रुपये लावले असते आणि त्याला ‘इंटरनॅशनल रायडर प्रोटेक्ट प्लस’ असं काहीतरी नाव दिलं असतं, तर मुलुंडच्या अर्ध्या मंडळींनी तो घेऊन स्टेटसला लावला असता. शंभर रुपयांच्या गोष्टीचा फोटो कोण काढतो?

या वाढीव क्षेत्राची यादीही वाचण्यासारखी आहे. बांगलादेश, भूतान, नेपाळ, पाकिस्तान, श्रीलंका, मालदीव. यात भारत मिळवला की २००२ सालची सार्क संघटना तंतोतंत उभी राहते. अफगाणिस्तान सार्कमध्ये आला २००७ मध्ये, तोवर यादीची शाई वाळली होती, त्यामुळे तो बाहेर. सार्कची शिखर परिषद २०१४ मध्ये काठमांडूला भरली, २०१६ ची इस्लामाबादची रद्द झाली आणि त्यानंतर या देशांचे प्रमुख त्या नावाने एका टेबलाभोवती बसलेले नाहीत. विमा कंपनीच्या कागदावर मात्र सातही देश अजून गुण्यागोविंदाने नांदताहेत. अटारीचं फाटक बंद, पण यादीत पाकिस्तान आहेच. मालदीव तर आणखी मौजेचं. तिथे मोटारसायकल चालवत जाता येत नाही, जहाजावर घालावी लागते आणि समुद्रप्रवासात वा विमानप्रवासात होणारं नुकसान याच कलमाने वगळलेलं आहे. गाडी मालेला पोचली तर विमा आहे, पोचेपर्यंत नाही. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला विनोदबुद्धी नसावी, आणि म्हणूनच ते इतकं चांगलं जमलं आहे.

तरीही लोक हा कागद घेत नाहीत. त्याचं मूळ आपण विमा कशासाठी काढतो यात आहे. उपनगरातल्या सरासरी दुचाकीस्वाराच्या लेखी थर्ड पार्टी विमा म्हणजे अंधेरीच्या सिग्नलला हवालदाराला दाखवायचा कागद. मोटार वाहन कायद्याने कलम १४६ मध्ये तो सक्तीचा केला आणि नसेल तर पहिल्या खेपेला २,००० आणि पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड ठेवला. त्यामुळे हप्ता भरताना आपण मनात दंडाची रक्कम मांडतो, धडक बसू शकणाऱ्या माणसाची नाही. पॉलिसी आली की व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफचं पहिलं पान उघडून गाडीचा नंबर बरोबर आहे ना एवढं पाहायचं, झालं. पुढच्या पानांवर काय काय असतं! गाडी शर्यतीसाठी वापरायची नाही, वेगाच्या चाचणीसाठी नाही, ‘रिलायबिलिटी ट्रायल’साठी नाही. ही शेवटची अट कडक लावली तर पावसाळ्यात घाटकोपर ते मुलुंड एलबीएस मार्गाने जाणारा एकही स्वार दाव्याला पात्र ठरणार नाही. त्याच्या आसपास ‘सर्वसाधारण अपवाद’ असतात आणि त्यांतला पहिलाच सांगतो की भौगोलिक क्षेत्राबाहेर झालेल्या नुकसानाला किंवा आलेल्या दायित्वाला कंपनी जबाबदार नाही. पहिलाच. बारीक टायपात असेल, पण लपवलेला नाही. पंधरा लाखांचा चालक-मालकाचा अपघात विमा याच पॉलिसीत घेतला असेल तर तोही या वाक्याखाली येतो. आपली रिक्षा वांद्र्याला आणि सायनला थांबते, पलीकडे माहीम दिसत असलं तरी पुढे जात नाही आणि ‘जरा पुढे सोडा ना’ या विनवणीला रिक्षावाला दाद देत नाही. उपनगरातला माणूस हे मुकाट्याने मान्य करतो. विम्याची पॉलिसी नेपाळच्या सीमेवर सुनौलीला तशीच थांबते, हे मान्य करायला मात्र त्याला जड जातं.

कारण ‘नेपाळ म्हणजे काय परदेश आहे का?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९५० च्या मैत्री करारापासून दोन्हीकडची माणसं ये-जा करताहेत, भारतीयाला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. गाड्या तिथेही डाव्या बाजूने चालतात. पाट्या देवनागरीत. रुपयाचा भावही ठरलेला, आपला एक म्हणजे त्यांचे एक रुपया साठ पैसे, आणि तोही १९९३ पासून. मग विम्यानेच एवढं परकेपण का दाखवावं? उत्तर सोपं आहे. सीमा खुली आहे ती माणसांसाठी, वाहनांसाठी नाही. माणूस हात हलवत जातो, गाडीला मात्र भन्सार कार्यालयात, म्हणजे तिथल्या कस्टममध्ये, रांग लावावी लागते, दिवसांचा हिशेब सांगून पैसे भरावे लागतात आणि तेवढ्या दिवसांत ती परत न्यावी लागते. म्हणजे नेपाळ सरकार स्वाराला पाहुणा समजतं आणि त्याच्या बुलेटला परदेशी नागरिक. घड्याळसुद्धा पंधरा मिनिटं पुढे करावं लागतं. तरी ज्याला परदेश वाटत नाही त्याला विमा कंपनी काय समजावणार? आणि अपघात झालाच तर भरपाईचा प्रश्न मैत्री करारावर सुटत नाही, तिथल्या कायद्याने आणि तिथल्या पोलीस चौकीत सुटतो.

दुसरा आक्षेप अनुभवी मंडळींचा. ‘वीस वर्षं चालवतोय, कोणाला साधा ओरखडा नाही.’ अभिनंदन. पण थर्ड पार्टी विमा हे चालवणाऱ्याच्या कौशल्याचं प्रमाणपत्र नव्हे. नेपाळात बुटवलच्या वळणावर एखादं पोर चेंडूमागे धावत रस्त्यावर आलं, तर त्याला तुमच्या वीस वर्षांशी देणंघेणं नसतं. याच्याच जोडीला येणारा युक्तिवाद म्हणजे ‘जगात माणसं चांगली असतात, निभावून नेतात.’ हे खरंही आहे. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस मुंबईहून मोटारसायकलने इंग्लंडला पोचलेल्या एका स्वाराची गाडी नॉटिंगहॅमच्या वुलाटन पार्कमधून चोरीला गेली. बातमी झाली, तिथल्या लोकांना वाईट वाटलं आणि त्याला मदतही मिळाली. पण बारकाईने पाहा, तिथे नुकसान त्याचं झालं होतं. परक्या देशात लुटल्या गेलेल्या पाहुण्याला गाव सांभाळून घेतं. गावातल्या माणसाला उडवणाऱ्या पाहुण्यालाही ते तसंच सांभाळून घेईल, या भरवशावर निघणं म्हणजे दुसऱ्याच्या चांगुलपणाचा हप्ता आपण परस्पर ठरवून टाकणं. विमा हवा तो नेमका या दुसऱ्या प्रसंगासाठी. आणि ‘क्लेम मंजूरच होत नाहीत हो’ हे पालुपद इथे गैरलागू आहे. हा क्लेम आपला नसतोच, ज्याला लागलं त्याचा असतो.

सहा देशांपलीकडे जाणाऱ्यांसाठी शंभर रुपयांची सोय संपते. म्यानमार यादीत नाही, चीन नाही, इराण नाही. १९२३ मध्ये मुंबईचे पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले आणि त्यांतले तिघे १९२८ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. सायकलला विमा लागत नाही, हे त्यांच्या पथ्यावरच पडलं असणार. मार्च २०२३ मध्ये नऊवारी नेसून गेटवे ऑफ इंडियापासून मोटारसायकलवर निघालेल्या रमिला लटपटे यांना ती सवलत नव्हती. सीमेपलीकडच्या विम्याचा हा प्रश्न युरोपने १९५३ मध्ये ग्रीन कार्डने सोडवला. एका देशातल्या कंपनीचा विमा दुसऱ्या देशात चालतो, नुकसान भरून द्यायला तिथला ब्यूरो असतो. तुर्कस्तान त्यात आहे, इराणही आहे. भारत नाही. त्यामुळे आपल्या स्वाराला त्या पट्ट्यात सीमेवर उतरून तिथला विमा विकत घ्यावा लागतो. काहीजण इथे ‘आपल्याकडे कार्ने आहे की’ म्हणतात. कार्ने हा कस्टमचा कागद आहे. गाडी त्या देशात विकणार नाही, परत नेईन, याची ती हमी. गाडीने माणूस उडवला तर त्या कागदाचा उपयोग एवढाच, की जखमी माणसाला गाडी परत जाणार आहे याची खात्री पटेल.

उरतो तो सगळ्यात खरा आक्षेप. हा कागद मिळवणं जिकिरीचं आहे. पॉलिसी ऑनलाइन काढावी तर तिथे नेपाळचा चौकोन सापडेलच असं नाही. एजंटला विचारावं तर तो आधी ‘काही लागत नाही, बिनधास्त जा’ म्हणतो, मग ‘बघतो’ म्हणतो. त्याचंही बरोबर आहे. शंभर रुपयांवरच्या कमिशनमध्ये त्याचा कटिंगही सुटत नाही, तो कशाला ईमेल लिहील? म्हणजे स्वस्ताईचा फटका इथेही. घेणाऱ्याला किंमत वाटत नाही आणि देणाऱ्याला परवडत नाही, मधल्या मध्ये कागद राहतो. ही अडचण मी नाकारत नाही. पण ज्या माणसाने आंतरराष्ट्रीय परवान्यासाठी हजार रुपये भरून आरटीओच्या खेपा घातल्या, एका पेटीच्या क्लॅम्पसाठी दोन आठवडे कुरिअरची वाट पाहिली, त्याने दोन ईमेल लिहायला कंटाळावं हे पटत नाही.

तेव्हा निघायच्या महिनाभर आधी कंपनीला लेखी कळवा. पॉलिसी क्रमांक, देशाचं नाव, तारखा. ‘एंडॉर्समेंट आयएमटी १’ (भौगोलिक क्षेत्र वाढवण्याचं कलम) असं स्पष्ट लिहा, म्हणजे समोरच्याला ‘असं काही नसतं’ म्हणता येणार नाही. नाक्यावर तिथला थर्ड पार्टी विमा मागितला तर वाद न घालता तोही घ्या. आणि आलेला कागद छापून बरोबर ठेवा. डिजिलॉकर भारतीय पोलीस मानतात, नेपाळ पोलिसांवर ते बंधनकारक नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय रोमिंग घेतलं नसेल तर सीमा ओलांडल्यावर आपलं सिम बंद पडतं आणि मोबाइलमध्ये आधी उतरवून न ठेवलेली पॉलिसी उघडत नाही.