चिरंजीवांची जास्वंद

एडिसन, न्यू जर्सी

ती. सौ. आई यांस,
सुनेचा शि. सा. न. वि. वि.

चिरंजीवांनी फोनवर ‘दारात जास्वंद लावलीय’ एवढंच सांगितलं. खरी हकिगत फोनवर सांगायची सोय नाही, ते शेजारीच बसलेले असतात. म्हणून हे पत्र.

आपल्या परसातल्या लाल जास्वंदीचा इथे पारा शून्याखाली गेला की कारभार आटोपतो. कुंडीत लावून ऑक्टोबरात घरात घेतली, तर ती दिवाणखान्यात बसून पानं गाळते आणि पांढरी माशी पोसते. तेव्हा चिरंजीवांनी नर्सरीतून तिची चुलत बहीण आणली, रोज ऑफ शॅरन. शास्त्रीय नाव हिबिस्कस सिरिॲकस. लिनिअसने सिरियाची समजून नाव ठेवलं आणि बाईंचं माहेर निघालं चीन! उणे २५ अंश सेल्सिअसचा गारठाही ती अंगावर काढते.

साध्या जातीचं बी इतकं पडतं, की पुढच्या वर्षी फरशीच्या फटीतूनही रोपं डोकावतात. त्यामुळे ‘हेलीन’ घेतली. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरिटममध्ये डोनाल्ड एगोल्फ यांनी ती तयार केली. गुणसूत्रांचे तीन संच असल्याने बी जवळपास धरतच नाही. फूल पांढरं, पोटाशी गडद लाल.

पहिल्याच वसंतात घरात सुतक. एप्रिलमध्ये फोर्सिथिया पिवळीधमक झाली, चेरी फुलून झडली, आणि हिच्या नुसत्या करड्या काटक्या. चिरंजीव कुदळ घेऊन निघाले. तेवढ्यात कुंपणापलीकडच्या कोरियन आजी आल्या. एक शब्द न बोलता त्यांनी अंगठ्याच्या नखाने फांदीची साल जराशी खरवडली. आत ओला, हिरवागार पापुद्रा. मग यांच्या हातातली कुदळ काढून घेऊन भिंतीला टेकवून ठेवली. हे त्यांच्या देशाचं राष्ट्रीय फूल, राष्ट्रगीतातही त्याचं नाव आहे. त्या काय उपटू देणार? मे महिन्यात पानं फुटली. ही बाई उशिराच उठते, हे तेव्हा कळलं.

छाटणीचं विचारू नका. फुलं त्याच वर्षीच्या नव्या फुटीवर येतात, म्हणून थंडी सरता सरता, पालवीच्या आधी छाटायचं. प्रत्येक फांदीवर दोन-तीन डोळे ठेवले तर फुलं कमी येतात, पण मोठी येतात. हे चिरंजीवांना तोंडपाठ आहे. प्रत्यक्षात कात्री हातात घेतली की यांना ब्रह्महत्येचं पातक दिसू लागतं. शेवटी नातीने छाटली. यांनी पाठ फिरवली होती.

जुलैत जपानी भुंगेरे आले. हे अमेरिकेत पहिल्यांदा सापडले १९१६ साली, तेही न्यू जर्सीतच, रिव्हर्टनजवळच्या एका नर्सरीत. म्हणजे इथले जुने रहिवासी आपल्यापेक्षा तेच. बाबांना उसातली हुमणी माहीत आहे. यांच्या अळ्या तिच्याच कुळातल्या, फक्त या हिरवळीची मुळं खातात. चिरंजीवांनी वासाचा सापळा टांगला. त्या वासाने सापळ्यात मावतील त्याहून जास्त भुंगेरे आले, गल्लीतल्या सगळ्यांचे पाहुणे आपल्याच दारी. आता ते भल्या पहाटे पायजम्यावर साबणाच्या पाण्याची बादली घेऊन उभे असतात. गारव्याने भुंगेरे सुस्त असतात, फांदीला टिचकी मारली की टपाटप बादलीत. शेजारी आता हात करून पुढे जातात.

पण गणपतीत झाडाने लाज राखली. जुलै ते सप्टेंबर बहर, म्हणजे अगदी मोक्याला. फूल टिकतं एकच दिवस, पण दुसऱ्या दिवशी नवी तयार. गुरुजी व्हिडिओ कॉलवर म्हणाले, ‘‘बाप्पाला रक्तवर्ण फूल लागतं.’’ चिरंजीवांनी पाकळी बाजूला करून पोटातला लाल भाग कॅमेऱ्याला चिकटवला. गुरुजींनी चष्मा पुसला, आणि मंजुरी दिली.

आता मुद्द्याचं. मार्चमध्ये येताना लाल जास्वंदीची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणायचं तुमचं चाललंय, असं वन्संकडून कळलं. कृपा करून आणू नका. रोगमुक्तीचा दाखला नसलेलं लावायचं रोप विमानतळावर काढून घेतात, वर दंडही होऊ शकतो. त्याऐवजी पहिल्याच आठवड्यात या. छाटणी तेव्हाच आहे, आणि चिरंजीवांना धरून ठेवायला घरात माणूस हवं.

बाबांना सा. न.

तुमची,
सून