भुतांचा ऑगस्ट

फ्लॉरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम बागेत हॅलोविनची भुतं ऑगस्टातच हजर होतात. सण 31 ऑक्टोबरचा. पण तिकीटखिडकीला पंचांग लागत नाही. दिवसाच्या तिकिटावर आलेल्यांना संध्याकाळी सहाच्या सुमारास पंगतीतून उठवायचं आणि त्याच पाटांवर सात ते बारा दुसरी पंगत बसवायची. दक्षिणा वेगळी: माणशी शंभरावर डॉलर, सण जवळ आला की दोनशेच्या पुढे. वर कर.

बदल्यात मिरवणूक, आतषबाजी आणि पिशवीभर ‘फुकट’ चॉकलेटं. कितीही गोळा केली तरी एकेक गोळी सोनाराकडची वाटते.

रात्रीच्या तिकिटाचा दुसरा प्रकार ‘आफ्टर अवर्स’. बाग बंद झाल्यावर तीन तास, आखूड रांगा, पॉपकॉर्न-आइस्क्रीम हवं तेवढं. म्हणजे दिवसा रांगेत उभं राहण्याचे पैसे, रात्री न राहण्याचे. (हा सौदा मला तितकासा वाईट वाटत नाही. दिवसाचं तिकीट काढलंच नाही आणि सोबत लहान मूल नसलं, तर पैसे वसूल.)

हॅलोविनच्या पंगतीला मूल सोबत असलं, की ते साडेनवाला खांद्यावर झोपतं. तिकीट त्याचंही असतं, जेमतेम दहा डॉलर कमी. बाप ते ओझं सांभाळत बारापर्यंत भुतं बघतो.