अख्खे शेत दोघांनाही

मुक्त स्रोत सॉफ्टवेअरमधली भाऊबंदकी शेतीतल्या भाऊबंदकीहून एका बाबतीत मुळातच वेगळी आहे. शेताची वाटणी झाली की दोन एकरांचा एकेक एकर होतो, पुढच्या पिढीत वीस-वीस गुंठे होतात, आणि त्यापुढच्या पिढीला बांधावर उभे राहून भांडायलाही पुरेशी जागा उरत नाही. हे थांबावे म्हणून मुंबई प्रांतात १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा करावा लागला. मुक्त स्रोतात तुकडा पडतच नाही. प्रोग्रामचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, सर्वांना खुला असतो. ज्याला घरात पटत नाही त्याने सगळ्याची नक्कल करून घ्यावी आणि वेगळी चूल मांडावी. या वेगळ्या चुलीला फोर्क म्हणतात. थोरल्याला अख्खे शेत मिळते, धाकट्यालाही अख्खे शेत मिळते, आणि विहीर दोघांकडेही काठोकाठ भरलेली असते. भांडणाचे कारणच असे नाहीसे झाल्यावर या क्षेत्रात शांतता नांदायला हवी होती. ती नांदत नाही, कारण सगळे वाटून झाले तरी एक वस्तू मागे राहते जिची नक्कल चालत नाही. ती म्हणजे घराण्याचे नाव.

घराण्याचा मूळ पुरुष रिचर्ड स्टॉलमन. १९८०च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत एक लेझर प्रिंटर भेट म्हणून आला आणि त्यात कागद अडकू लागला. जुन्या प्रिंटरमध्ये कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना तसा निरोप जाई. ती सोय स्टॉलमन यांनीच केली होती. नव्यात ती करायची तर सोर्स कोड हवा होता, आणि ज्याच्याकडे तो होता त्याने ‘कोणाला देणार नाही असे लिहून दिले आहे’ म्हणून हात वर केले. अडकलेल्या कागदावरून माणूस सहसा दोन-चार शिव्या देतो, प्रिंटरच्या कडेला एक चापट मारतो आणि चहाला जातो. स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी अख्खी संगणकप्रणाली नव्याने लिहिण्याची घोषणा केली. तिचे नाव ग्नू. त्याचा विस्तार ‘ग्नू म्हणजे युनिक्स नव्हे’ असा असून त्यातल्या ग्नूचा विस्तार पुन्हा तोच आहे. १९८९ मध्ये या सॉफ्टवेअरसाठी सर्वसाधारण परवाना तयार झाला: कोणीही वापरावे, बदलावे, वाटावे, बदललेले वाटताना मात्र पुढच्यालाही हेच हक्क द्यावेत. या परवान्यात जवळजवळ सगळ्याचा विचार केलेला आहे. लोकांनी या प्रणालीला कोणत्या नावाने हाक मारावी, एवढे कलम राहिले.

ते कलम महागात पडले. १९९१ पर्यंत ग्नूकडे संपादक होता, कंपायलर होता, बारीकसारीक अवजारे होती. नव्हता तो प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल. हुर्ड नावाच्या त्या गाभ्याचे काम १९९० मध्ये सुरू झाले असून त्याची १.० ही आवृत्ती अद्याप यायची आहे. दरम्यान हेलसिंकीत लायनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने हौस म्हणून एक कर्नल लिहिला. त्याला तो ‘फ्रीअ‍ॅक्स’ म्हणणार होता, कारण स्वतःचे नाव देणे त्याला आढ्यतेचे वाटत होते. ज्या सर्व्हरवर तो ठेवायचा होता तिथल्या व्यवस्थापकाला ‘फ्रीअ‍ॅक्स’ आवडले नाही. त्याने फोल्डरला परस्पर ‘लिनक्स’ नाव दिले. हा कर्नल आणि ग्नूची अवजारे मिळून जी पूर्ण प्रणाली झाली तिला जग लिनक्स म्हणू लागले. पातेली, पळ्या, मसाले, पत्रावळी सगळे एकाने जमवावे, दुसऱ्याने शेगडी आणावी आणि पंगत शेगडीवाल्याच्या नावाने ओळखली जावी, असा हा प्रकार होता. प्रणालीला ‘ग्नू/लिनक्स’ म्हणावे असा स्टॉलमन यांचा आग्रह तेव्हापासून आहे आणि न्यायाने पाहता तो चुकीचा नाही. अडचण एवढीच, की ज्याच्या नावात तिरकी रेघ आहे त्याला अंगणातून हाक मारता येत नाही. ही प्रणाली बांधून वाटणाऱ्यांपैकी डेबियनच्या मंडळींनी पूर्ण नाव लावले. बाकीच्यांनी लग्नपत्रिकेत आजोबांचे नाव गाळावे तसे ते गाळले.

लिनक्स वर्षाचाही झाला नव्हता तोच त्याच्यावर पहिला मोठा खटला भरला गेला. अ‍ॅमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांसाठी मिनिक्स नावाची छोटी प्रणाली लिहिली होती. २९ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी ‘लिनक्स कालबाह्य आहे’ असे जाहीर केले. त्यांचा मुद्दा शास्त्रीय होता: कर्नल एकसंध अगडबंब नसावा, लहान लहान भागांचा असावा. याच वादात त्यांनी, हा मुलगा आपला विद्यार्थी असता तर त्याला या रचनेबद्दल फारसे गुण मिळाले नसते, असेही सुनावले. टोरवाल्ड्स यांनी भरपूर उद्धटपणे उत्तर दिले आणि दुसऱ्या दिवशी सुराबद्दल माफी मागितली. या क्षेत्रात माफी चोवीस तासांत येण्याची उदाहरणे फार नाहीत. पुढे लिनक्स जगभरच्या सर्व्हरांवर आणि अँड्रॉइडच्या रूपाने खिशाखिशात पोहोचला, तेव्हा प्राध्यापक हरले असे सर्वांनी धरून चालले. २०१७ मध्ये कळले, की इंटेलने आपल्या चिपांच्या आत देखरेखीसाठी जो लहानसा संगणक दडवला आहे त्यात मिनिक्स चालते. म्हणजे लाखो लिनक्सवाल्यांच्या यंत्रात, तळमजल्यावर, प्राध्यापक राहत होते. टॅनेनबॉम यांनी इंटेलला खुले पत्र लिहून आनंद कळवला, आणि आधी सांगितले असते तर बरे झाले असते अशी सौम्य तक्रारही केली. मिनिक्सचा परवाना सांगण्याची सक्ती करणारा नव्हता.

यापुढचा वाद खुद्द ‘फ्री’ या शब्दाचा आहे, आणि तो मराठीत झालाच नसता. इंग्रजीत ‘फ्री’ म्हणजे फुकटही आणि मुक्तही. स्टॉलमन यांना मुक्त अभिप्रेत होते. ऐकणाऱ्याला फुकट ऐकू येई आणि फुकटच्या मालावर कंपन्यांचे वरिष्ठ विश्वास ठेवीत नसत. जानेवारी १९९८ मध्ये नेटस्केपने आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड खुला करण्याचे जाहीर केल्यावर कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो येथे काही मंडळी जमली, आणि ३ फेब्रुवारीला क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवलेला ‘ओपन सोर्स’ हा शब्द त्यांनी उचलला. स्टॉलमन यांना तो मान्य नाही, कारण त्यात सोर्स उघडा असला तरी स्वातंत्र्याचा उल्लेख नाही. तेव्हापासून एकाच परवान्याखाली तेच काम करणारे दोन पंथ आहेत आणि आपण कोणत्या पंथाचे हे ते पहिल्या वाक्यात सांगतात. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन शब्द तयार असल्याने महाराष्ट्राला पालो अल्टोच्या बैठकीची गरज नव्हती. मात्र दोन शब्द असूनही इथे चालला तो पहिलाच. फुकट ते पौष्टिक हे तत्त्व लिनक्सच्या उपयोगी पडायला हवे होते. पण मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर विंडोजची चोरटी सीडी जवळजवळ फुकटच मिळत असल्याने तेही पडले नाही.

कंपन्या घरात आल्यावर नावाचा प्रश्न अधिक रंगला. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या नावातले ‘माय’ हे सर्वनाम नव्हे. ते त्याचे एक जनक मायकेल विडेनियस यांच्या थोरल्या लेकीचे नाव आहे. २००८ मध्ये सन कंपनीने मायएसक्यूएल सुमारे १ अब्ज डॉलरना घेतले आणि पाठोपाठ सन कंपनीच ओरॅकलच्या घरी जाणार असे ठरले. विडेनियस यांनी २००९ मध्ये सोर्स कोडची नक्कल घेऊन वेगळी चूल मांडली. सगळा कोड परत मिळाला. थोरलीचे नाव तेवढे ओरॅकलकडे राहिले. म्हणून नव्या डेटाबेसला धाकटीचे नाव दिले, मारियाडीबी. मॅक्स या मुलाचे नाव एका तिसऱ्याच डेटाबेसला आधीच देऊन झाले होते.

ओरॅकलकडे याच सौद्यात हडसनही आला. प्रोग्रामरांनी दिवसभर लिहिलेले जोडून, तपासून, कुठे बिघडले ते सांगणारा हा प्रोग्राम. त्याच्या कर्त्यांचे कंपनीशी बिनसले, नावावर कंपनीने हक्क सांगितला आणि २०११ मध्ये मंडळी ‘जेंकिन्स’ नावाखाली बाहेर पडली. हडसन आणि जेंकिन्स ही दोन्ही नावे इंग्रज साहेबाच्या घरच्या बटलरला शोभणारी. मराठी नाटकात रामा गडी जाऊन त्याच कपड्यांत गोविंदा यावा, तसे. कोणी कोणाला सोडले यावर मात्र एकमत झाले नाही. कंपनीच्या मते जेंकिन्स हा फोर्क होता आणि जेंकिन्सवाल्यांच्या मते ते होते तिथेच होते, हडसन निघून गेला होता.

सगळेच वाद नावाचे नसतात. काही अगदीच बारीक गोष्टींचे असतात आणि ते जास्त टिकतात. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले, की समिती अणुभट्टीचा खर्च मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या शेडवर पाऊण तास घालवते, कारण अणुभट्टी कोणाला कळत नाही आणि शेड सगळ्यांना कळते. ज्याने गृहनिर्माण सोसायटीची वार्षिक सभा पाहिली आहे त्याला पार्किन्सन वाचण्याची गरज नाही: लिफ्टचा करार आवाजी मतदानाने पास होतो आणि फाटकाच्या रंगावर चहा दोनदा येतो. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या प्रणालीत प्रोग्रामला काही सेकंद थांबवून ठेवणाऱ्या ‘स्लीप’ या आज्ञेने अर्धा-पाव सेकंदही घ्यावा काय, असा प्रश्न निघाला. झोपेच्या अपूर्णांकावरून इतक्यांची झोप उडाली, की पॉल-हेनिंग काम्प यांना पार्किन्सनच्या शेडची आठवण करून देणारे पत्र लिहावे लागले. प्रोग्रामर तेव्हापासून असल्या चर्चेला ‘बाइकशेडिंग’ म्हणतात. अमुक एक चर्चा बाइकशेडिंग आहे की नाही, यावरही चर्चा होते.

पायथन या भाषेचे जनक ग्विदो व्हान रॉसम यांना ‘तहहयात कनवाळू हुकूमशहा’ अशी पदवी होती. २०१८ मध्ये भाषेत एक नवे चिन्ह आणावे काय यावर रण माजले. चिन्ह दोन टिंबांचे आणि बरोबरच्या खुणेचे. आडवे पाहिल्यास वॉलरसच्या डोळ्यांसारखे आणि सुळ्यांसारखे दिसते. चिन्ह मंजूर झाले आणि हुकूमशहांनी १२ जुलैला राजीनामा दिला. तहहयात पदाचा राजीनामा कसा देतात याची घटनेत तरतूद नव्हती, कारण घटनाच नव्हती. मग ती लिहिली गेली, पाच जणांचे मंडळ नेमायचे ठरले, मतदान झाले, आणि २०१९ मध्ये निवडून आलेल्या पाचांत एक व्हान रॉसम होते.

नाव आणि बारीक गोष्ट हे दोन्ही प्रवाह मार्च २०१६ मध्ये एकत्र आले. जावास्क्रिप्टच्या सामायिक कोठारात, म्हणजे एनपीएममध्ये, एका प्रोग्रामरच्या पॅकेजचे नाव ‘किक’ होते. किक नावाच्याच मेसेंजर कंपनीने ते मागितले, त्याने नाही म्हटले, कोठाराच्या चालकांनी नाव कंपनीला दिले. त्याने संतापून आपली सगळी, अडीचशेहून अधिक, पॅकेजे काढून घेतली. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ हे एक होते: मजकुराच्या डावीकडे हवी तेवढी मोकळी जागा भरणाऱ्या अकरा ओळी. त्या अकरा ओळींवर जगातले हजारो प्रकल्प प्रत्यक्षात किंवा कोणाच्या तरी मार्फत टेकलेले होते आणि ते धडाधड पडले. चालकांनी काही तासांत ओळी परत आणल्या. डावीकडची जागा स्वतः कशी सोडावी, हे या निमित्ताने अनेकांनी शिकून घेतले असावे.

भांडणारे खरे असतातच असेही नाही. फाइली दाबून लहान करणारी ‘एक्सझेड’ ही अवजारे एकच माणूस सांभाळत होता. काम हळू चालते म्हणून त्याच्यामागे काही नावांनी तगादा लावला आणि त्याच सुमारास जिया टॅन नावाचा एक समंजस, कष्टाळू मदतनीस पुढे आला. दोनेक वर्षांत विश्वास कमावून त्याने अवजारांत चोरवाट बसवली. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ती उघड केली, कारण दूरच्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो हे त्याला खटकले होते. अपूर्णांकातल्या सेकंदाला इतके महत्त्व फ्रीबीएसडीतही आले नव्हते. फ्रॉइंड नोकरी करत होते मायक्रोसॉफ्टमध्ये, जिच्या प्रमुखांनी २००१ मध्ये लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. जिया टॅन या नावामागे कोण होते हे आजही उघड झालेले नाही, आणि तगादा लावणारी नावेही पुन्हा दिसली नाहीत.

समेटही क्वचित होतात. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड या प्रणालीचा फोर्क आयओजेएस २०१५ मध्ये वर्षाच्या आतच जुन्या नावाखाली परतला. त्याहून लांबलेला समेट फायरफॉक्स या ब्राउझरचा. २००६ मध्ये तो बनवणाऱ्या मोझिलाने डेबियनला कळवले, की कोडमध्ये आम्हाला न विचारता बदल करणार असाल तर आमचे नाव वापरू नका. डेबियनने बदल ठेवले आणि नाव सोडले: आगीच्या जागी बर्फ, कोल्ह्याच्या जागी मुंगसासारखा एक सडपातळ प्राणी, मिळून आइसवीझल. दहा वर्षे डेबियनवाले तोच ब्राउझर या नावाने वापरत होते आणि २०१६ मध्ये समजूत पटून कोल्हा परत आला. ग्नूकडेही एक स्वतंत्र आइसवीझल होता. दोन आइसवीझल नकोत म्हणून २००७ मध्येच ग्नूने आपल्या ब्राउझरचे नाव बदलून आइसकॅट केले होते. डेबियनचा गेला, ग्नूचा आहे. त्याचे पूर्ण नाव ग्नू आइसकॅट. मध्ये तिरकी रेघ नाही.